व्हॅनमध्ये राहताना मुक्काम कसा हलवायचा आणि मधे नीट थांबायचं कसं : विदर्भातल्या रस्त्यांसाठी पूर्ण क्रम

कॅम्पर व्हॅनमध्ये बारा महिने राहणारी किंवा नुकतीच राहायला लागलेली माणसं भेटली की बोलणं फिरून एकाच जागी येतं. झोप होत नाही, कंबर धरते, दोघांत चिडचिड होते आणि गाडीत रोज काहीतरी तुटतं. मी विचारतो काल कुठे होता, तर चिखलदरा, परवा लोणार, त्याच्या आधी शेगाव. म्हणजे गाडी रोज हलतेय. हॉटेलात उतरून फिरणाऱ्याला हे जमतं कारण त्याचं घर घरी आहे, आपलं घर चाकावर आहे, ते रोज आवरायचं, बांधायचं, दीडशे किलोमीटर हलवायचं आणि परत मांडायचं म्हटलं तर आराम कधी करणार?

आम्ही दोघं, मी आणि माझी जोडीदार, ट्रॅव्हलर मिनीबस बदलून केलेल्या व्हॅनमध्ये राहतो आणि बहुतेक वेळ विदर्भातच असतो. आमच्या अनुभवाने सांगतो, हलायचा दिवस वेगळा आणि थांबायचा दिवस वेगळा, दोन्ही एकाच दिवसात कोंबले की दोन्ही बिघडतात. खालचा सगळा क्रम त्यावरच उभा आहे. गाडी छोटी असो की मोठी, क्रम बदलत नाही.

## १. आधी हिशेब : किती हलायचं, किती थांबायचं

अमेरिकेत आरव्हीवाल्यांचा (म्हणजे राहायची सोय असलेल्या मोठ्या गाड्या चालवणाऱ्यांचा) ३-३-३ असा नियम आहे, दिवसाला ३०० मैलांच्या वर जायचं नाही, दुपारी ३ पर्यंत पोहोचायचं, ३ दिवस थांबायचं. त्यातला तीन वाजताचा भाग जसाच्या तसा घ्या. पण ३०० मैल म्हणजे जवळपास ४८० किलोमीटर, तेवढं आपल्याकडे भरलेल्या व्हॅनने एका दिवसात कापायच्या नादी लागू नका.

आमचं माप असं :

- चांगला हायवे असेल तर १५० किलोमीटर, म्हणजे साधारण नागपूर ते पांढरकवडा.
- राज्य रस्ता आणि गावातले रस्ते असतील तर ८० ते १००.
- घाट किंवा जंगल असेल तर किलोमीटर मोजायचेच नाहीत, तास मोजायचे. परतवाडा ते चिखलदरा तीसेक किलोमीटरच आहे पण भरलेली गाडी वर चढवायला आणि मधे इंजिन थंड करायला अर्धा दिवस हाताशी ठेवा.
- एका जागी कमीत कमी दोन रात्री. चार वेळा हललात की पाचव्या जागी आठवडाभर थांबा.

पुण्या-मुंबईकडून येणाऱ्यांचं एक गणित हमखास चुकतं. डिसेंबरात नागपूरला साडेपाचच्या सुमाराला सूर्य बुडतो, पुण्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटं आधी, आणि गडचिरोलीकडे अजून थोडं लवकर. सहापर्यंत उजेड मिळेल म्हणून निघालात तर शेवटचे वीस किलोमीटर अंधारात काढाल आणि जागाही अंधारातच शोधावी लागेल.

उन्हाळ्यात, म्हणजे मार्चअखेर ते पाऊस पडेपर्यंत, हे सगळं उलटं करायचं. पहाटे पाचला निघायचं आणि दहाच्या आत सावलीत गाडी लावायची. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्या उन्हात दुपारी एक वाजता भरल्या टायरने पळणं म्हणजे टायर फुटायची वाट बघणं.

## २. आदल्या संध्याकाळी : निम्मं काम इथेच संपवा

सकाळी उठून सगळं एकदम आवरायला घेतलं की गडबड होते आणि गडबडीत काहीतरी राहतंच. म्हणून आदल्या संध्याकाळी जेवणाच्या आधी एवढं उरका :

पाणी. एक लिटर म्हणजे एक किलो, १०० लिटरची टाकी भरली की एक जाडजूड माणूस जास्तीचा बसला असं समजा. पुढे पाण्याची खात्री असेल तर अर्ध्याच्या खाली ठेवून निघा. पण दर्यापूर, तेल्हारा, बाळापूरकडे जात असाल तर टाकी भरूनच निघायचं कारण तो पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे, तिथल्या बोअरचं पाणी खारट लागतं, भांडी घासली तरी पांढरे डाग राहतात. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, त्यामुळे प्यायचं पाणी गावच्या नळयोजनेचं किंवा आरओचं घ्या, शेतातल्या हातपंपाचं घेऊ नका. आम्ही प्यायचं पाणी वेगळ्या वीस लिटरच्या कॅनमध्येच ठेवतो, टाकीचं पाणी फक्त भांड्याला आणि आंघोळीला.

सांडपाणी आणि टॉयलेटची पेटी. दोन्ही रिकाम्या करून निघा. पेटी पेट्रोल पंपाच्या किंवा धाब्याच्या संडासात, विचारून, नंतर दोन बादल्या पाणी ओतून. नाल्यात, तळ्यात, धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) कडेला कधीच नाही. तुम्ही केलेली घाण पुढच्या व्हॅनवाल्याला भोगावी लागते, गाव मग कोणालाच थांबू देत नाही.

दोन जागा ठरवा, एक नाही. पहिली पसंतीची, दुसरी तिच्यापासून वीस किलोमीटरच्या आत. पहिली जमली नाही की दमलेल्या डोक्याने मोबाईलवर शोधत बसायचं नाही, सरळ दुसरीकडे जायचं.

बाजाराचा दिवस विचारा. हे कोणीच करत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय. गावाबाहेर मोठं सपाट रिकामं मैदान दिसतं, मुरूम टाकलेला असतो, वाटतं याहून चांगली जागा नाही. ते आठवडी बाजाराचं मैदान असतं. आम्ही वाशिम जिल्ह्यात एकदा असेच थांबलो आणि पहाटे पाचला भाजीवाल्यांच्या गाड्यांनी चारी बाजूंनी वेढले गेलो, संध्याकाळी बाजार उठेपर्यंत गाडी निघाली नाही, आणि वाईट याचं वाटलं की एका म्हातारीची नेहमीची बसायची जागा आमच्या गाडीखाली गेली होती. कुठल्याही पानटपरीवर विचारलं तरी बाजार कधी असतो ते सांगतात.

> तपासणी : झोपायच्या आधी डिझेल, टायरची हवा (थंड टायरमध्ये), उद्याचा पावसाचा अंदाज. हवा सकाळी गाडी चालवल्यावर मोजली तर जास्तच दाखवणार, तेव्हा ती कमी करायची नाही.

## ३. सकाळी बांधाबांध : आतून बाहेर, वरून खाली

क्रम ठरलेला ठेवा आणि रोज तोच ठेवा. आमचा असा आहे :

1. गॅस सिलेंडरच्या रेग्युलेटरवर बंद. शेगडीचं बटण बंद केलं म्हणजे गॅस बंद झाला असं नाही.
2. छताची खिडकी आणि पंख्याचं झाकण बंद, कडी ओढून बघायची.
3. वरचे कप्पे, मग ओट्यावरचं, मग खालचे कप्पे, शेवटी फ्रिजची कडी. काचेच्या बरण्या टॉवेलमध्ये.
4. जड सामान (पाण्याचे कॅन, पीठ-तांदूळ, अवजारं) खाली आणि चाकांच्या मधे. मागच्या टोकाला जड ठेवलं की हायवेवर गाडी डुलते.
5. बाहेर : ताडपत्री, पायरी, वायर, पाण्याचा पाईप. सगळ्यात शेवटी चाकाखालचे ओंडके.
6. गाडी दहा फूट पुढे घ्या, उतरा, आणि रिकामी जागा बघा. खिळा, चमचा, चप्पल, कचरा, काहीतरी सापडतंच.

आम्ही दोघं हे वाटून घेतो, आतलं ती बघते आणि बाहेरचं मी, मग जागा बदलून एकमेकांचं तपासतो. पाच मिनिटं जास्त जातात.

सावधान : बांधाबांध चालू असताना कोणी बोलायला आलं तर नीट बोला, चहा घ्या, पण परत सुरुवात पहिल्या क्रमांकापासून करा. कारंजा घाडगेच्या जवळ आम्ही निघत असताना एक आजोबा गाडी बघायला आले, छान बोलले, ते गेल्यावर मला वाटलं खिडकी झाली, तिला वाटलं मी केली. ताशी सत्तरला वाऱ्याने छताचं झाकण उपटून नेलं, संध्याकाळी अवकाळी आला आणि गादी आरपार भिजली. ती गादी वाळायला चार दिवस लागले.

## ४. पहिले पाच किलोमीटर, मग थांबा

याला दहा मिनिटं लागतात आणि बहुतेक मोठ्या भानगडी इथेच सापडतात. बाजूला सुरक्षित जागा बघून थांबा, गाडीभोवती एक फेरी मारा. प्रत्येक चाकाच्या मधल्या भागाजवळ हाताची मागची बाजू न्या, टेकवू नका, नुसती ऊब बघा. चारही सारखे कोमट असले तर ठीक. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर त्या बाजूचा ब्रेक धरून बसलाय किंवा बेअरिंग जातंय, पुढच्या गावातच दाखवा. मागे डबल टायर असतील तर दोघांच्या मधे दगड अडकलाय का वाकून बघा. दोऱ्या, सायकलचा स्टँड, छतावरचं सामान हाताने हलवा. आतून कुठे खडखड येत होती ती आताच शोधा कारण दीड तास ती ऐकत गाडी चालवणं फार थकवतं.

## ५. रस्त्यावर

दर दीड तासाला पंधरा मिनिटं. झोप आली म्हणून नव्हे, दीड तास झाला म्हणून थांबायचं. व्यावसायिक ड्रायव्हरसाठीच्या १९६१ च्या कायद्यातसुद्धा पाच तासांच्या आत अर्धा तास विश्रांती सांगितलेली होती, आणि आपण तर तेवढे सरावलेलेही नाही. समृद्धीवर हे जास्तच पाळा, सरळ रस्ता, एकसारखा आवाज, डोळे उघडे राहतात पण लक्ष जातं. तिथे कडेला गाडी लावून झोपायचं नाही, इंटरचेंजने खाली उतरा किंवा सुविधा केंद्रावर थांबा.

गावातल्या रस्त्यांवर हंगामानुसार वेगळं लक्ष लागतं :

- ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीन आणि पुढे तूर रस्त्यावर पसरलेली असते. त्यावरून गाडी घालू नका. शेतकऱ्याचं नुकसान तर आहेच, पण काड खाली फिरणाऱ्या भागांना गुंडाळतं आणि तापलेल्या सायलेन्सरला लागून पेटू शकतं. चुकून गेलात तर लगेच थांबून खाली वाकून काड ओढून काढा.
- दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या जिनिंगकडे निघतात, ट्रॅक्टर आणि बंड्यांना (बैलगाड्यांना) मागे दिवा नसतो. अंधार पडला की आपण रस्त्यावर नसायचं.
- पावसाळ्यात पुलावरून पाणी जात असेल तर थांबा, कितीही कमी दिसलं तरी. भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की संपर्कच तुटतो, तिकडे जायचं असेल तर आलापल्लीलाच विचारून पुढे जा.
- मेळघाट, ताडोबाच्या भागात काही रस्ते रात्री बंद करतात. वेळ नाक्यावर विचारा आणि जंगलातून जाताना मधे उतरू नका, जेवायलाही नाही.

नंबर गाडीत समोरच चिकटवून ठेवा : ११२ आपत्कालीन, १०८ रुग्णवाहिका, १०३३ राष्ट्रीय महामार्ग, १९२६ वनविभाग.

## ६. पोहोचल्यावर : आधी पायी, मग गाडी

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात. जागा दिसली की गाडी सरळ आत घालतात. आपल्याकडे काळी माती आहे, वरून पापुद्रा वाळलेला दिसतो आणि खाली लोणी असतं.

गाडी डांबरावर उभी करा, उतरा आणि जिथे चाकं येणार त्या रेषेवरून चालत जा. दर चार पावलांना टाच जोरात दाबून अर्धा गोल फिरवा. मातीचा भुगा झाला, टाच घसरली नाही तर कोरडं आहे. टाच आत गेली आणि बुटाला चकचकीत काळा थर चिकटला तर मागे फिरा, मग जागा कितीही सुंदर असो. पायाखाली मुरूम कुरकुरला तर निर्धास्त आत घ्या. आणि रात्री पाऊस येईल असं वाटत असेल तर कोरड्या काळ्या मातीतही जायचं नाही, पांदण रस्त्यावर (शेतात जायच्या कच्च्या वाटेवर) तर मुळीच नाही, सकाळी बाहेर यायला दोन दिवस ऊन पडायची वाट बघावी लागेल.

मग डोकं वर करून बघा. विजेच्या तारा, वाळकी फांदी, एकटं उंच झाड (वळवाच्या दिवसात वीज पडते). बाभळीखाली काटे. आणि पूर्व विदर्भात मार्च-एप्रिलमध्ये मोहाच्या झाडाखाली कधीच थांबू नका. फुलं रात्रभर गळतात, ती खायला अस्वल येतं, पहाटे अंधारात गावातले लोक वेचायला येतात, आणि वेचणं सोपं व्हावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात. तिथे गॅसचा सिलेंडर असलेली गाडी उभी असणं कोणाच्याच भल्याचं नाही.

नंतर माणूस शोधा. वावर असेल तर मालक, गाव असेल तर पोलीस पाटील किंवा सरपंच, देऊळ असेल तर पुजारी. कोण आहोत, किती रात्री आहोत, कधी जाणार, तिन्ही गोष्टी स्वतःहून सांगा. गडचिरोलीत पोलीस ठाण्यात सांगूनच थांबा. परवानगीपेक्षा मोठा फायदा हा की माणूस जागेची माहिती देतो. आर्वीकडे एका नाल्याकाठी आम्ही गाडी लावत होतो, शेजारच्या वावरातून एक जण धावतच आला, "भाऊ, तिथं नोका लावू गाडी, वर पानी आलं का नाला इकडूनच जाते." आमच्याकडे आभाळ निरभ्र होतं. त्याने त्याच्या कोठ्याजवळची (गोठ्याजवळची) जागा दिली, त्याच्या घरच्या बाईंनी हिला "ताई, भाजी देऊ का" म्हणून वांग्याची भाजी पाठवली, आणि रात्री दोनला नाला खरंच तिथून वाहत होता.

> तपासणी : गाडीचं तोंड बाहेरच्या बाजूला आहे का? रात्री निघावं लागलं तर मागे-पुढे न करता निघता येईल का? मोबाईलला रेंज आहे का? तिन्हीला हो असेल तरच पुढे.

परवानगीची जागा मिळत नसेल तर ट्रक थांबतात तो पेट्रोल पंप, मोठा धाबा किंवा आधी फोन करून एमटीडीसीच्या (राज्य पर्यटन महामंडळाच्या) आवारात.

## ७. मांडणी : हा क्रम उलटा करू नका

1. हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, चाकांना ओंडके. हे झाल्याशिवाय कोणी आत चढायचं नाही.
2. लेव्हल. गवंड्याची लेव्हल ओट्यावर ठेवा, नसेल तर पेल्यात पाणी. थोडा उतार राहिलाच तर डोकं वरच्या बाजूला येईल असं झोपा.
3. उन्हाळ्यात गाडीची लांब बाजू पश्चिमेला येऊ देऊ नका. दुपारी तीन ते सहाचं ऊन पत्र्यावर पडलं की रात्री अकरापर्यंत आत भट्टी राहते.
4. गॅस चालू, साबणाचं पाणी जोडांवर लावून बुडबुडे बघा. गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो, म्हणून तळाजवळची जाळी सामानाने बुजवू नका.
5. मग फ्रिज, पंखा, बॅटरी. १२ व्होल्ट २०० अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी म्हणजे अडीच युनिट, त्यावर फ्रिज आणि दोन पंखे रात्रभर सहज चालतात, एसी चालत नाही. बॅटरी सीटखाली बंद पेटीत असेल तर मे महिन्यात तिला हवा द्या, ४५ अंशांच्या आसपास बऱ्याच लिथियम बॅटऱ्या चार्जिंगच थांबवतात आणि लोक सोलर बिघडला म्हणून मिस्त्री शोधत फिरतात.
6. ताडपत्री आणि खुर्च्या सगळ्यात शेवटी. झोपताना ताडपत्री गुंडाळा, वळीव विचारून येत नाही.

त्या संध्याकाळी स्वयंपाक साधा. खिचडी, किंवा सकाळची भाकरी आणि ठेचा. फिरायला जायचं नाही.

## ८. थांबायचा दिवस

हा दिवस लोक वाया गेला समजतात आणि इथेच थकवा साठत जातो. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी चावी डब्यात ठेवा. गाडी सुरू करायची नाही, दूध आणायलाही नाही, पायी किंवा सायकलवर जा. ताडोबाची सफारी असेल तर ती तिसऱ्या दिवशी ठेवा, पहाटे चारला उठून जायचं असतं, तो आराम नाही.

सकाळी झोप पूर्ण करा. गाद्या उन्हात टाका, दारं-खिडक्या सताड उघडून दोन तास आतली कोंदट हवा जाऊ द्या. धुणं याच दिवशी. मग गाडीचं एकच काम, एका तासाचं, त्याहून जास्त नाही : एका वेळी टायर, पुढच्या वेळी पाण्याचा पंप आणि जाळी, त्याच्या पुढे बिजागऱ्या आणि स्क्रू. मी सगळी कामं एका दिवशी काढायचो, संध्याकाळी हात काळे, कंबर गेलेली, आणि उद्या परत निघायचं. ते बंद केलं तेव्हापासून कंबर ठीक आहे.

दुपारचे दोन तास दोघांनी वेगवेगळे घालवा. साठ चौरस फुटांत रात्रंदिवस राहणाऱ्या दोन माणसांना हे लागतं, त्यात रागावण्यासारखं काही नाही. ही देवळाच्या ओट्यावर जाऊन बसते, मी झाडाखाली झोपतो, चहाला भेटतो.

दुसऱ्या संध्याकाळी एकमेकांना विचारा, उद्या निघायचं का? दोघांपैकी एकानेही "नको" म्हटलं तर अजून एक रात्र. जागेच्या मालकाला मात्र तसं जाऊन सांगा.

## ९. तरीही गाडी रुतली तर

एक्सलेटर देऊ नका. काळ्या मातीत चाक जितकं फिरेल तितकं खाली जाईल, अर्ध्या मिनिटात गाडी पोटावर बसते. माणसं उतरवा, टाकीतलं पाणी सोडून द्या, चाकापुढची माती फावड्याने उतरती करा आणि खाली तुऱ्हाट्या, पऱ्हाट्या (तुरीची आणि कपाशीची वाळकी झाडं), पोती, दगड, जे मिळेल ते दाबून बसवा. दुसऱ्या गिअरमध्ये हळू क्लच सोडा. दोनदा प्रयत्न करून निघाली नाही तर ट्रॅक्टर बोलवा, साखळी बंपरला नाही, ओढायच्या हुकालाच लावायची, आणि दोर ताणला जात असताना कोणीही जवळ उभं राहायचं नाही. ट्रॅक्टरवाला पैसे नको म्हणाला तरी डिझेलचे द्या.

बाहेर आल्यावर लगेच चाकांच्या आतली माती काठीने खरवडून पाणी मारा. ती वाळली की विटेसारखी होते, चाकाच्या एका बाजूला वजन बसतं आणि दुसऱ्या दिवशी साठच्या वर स्टिअरिंग थरथरायला लागतं.